शोथ, सोडिअम आणि हृदयावरणातील जल

सणसर-भवानीनगर परिसरात गळिताचा हंगाम सुरू झाला की ऊसतोडणी कामगारांच्या वस्त्या पडतात. पायांवर सूज, चालताना धाप, अन्नावर वासना नाही, अशी तक्रार घेऊन त्यांतील एखादा आपल्या दारी येतो. रक्तातील सोडिअम १३५ ते १४५ असावयाचे, ते १२० आढळले की मीठ कमी पडले असे समजून मीठ-साखरेचे पाणी सुचविले जाते. लक्ष सुजेकडे गेले, तर पुनर्नवासव आणि रेचन. हृदयावरणात जल साठले आहे काय, हे पाहिल्यावाचून यांतील काहीही देऊ नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हृदयावरणात एरवी १५ ते ५० मिलिलिटर द्रव असतो. तो वाढून हृदयावर दाब आला, की हृदय पुरते भरत नाही व रक्ताभिसरण मंदावते. शरीरास वाटते रक्तच उणे झाले. मग व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक स्रवते आणि मूत्रपिंडे पाणी राखून ठेवतात. मीठ गेलेले नसते, ते पातळ झालेले असते. वरून पाजलेले पाणी त्यात भरच घालते. उलटपक्षी रेचनाने वा तीव्र मूत्रलाने हृदयाकडे परतणारे रक्त आणखी घटते. दाबाखालील हृदयास ते प्राणघातक ठरू शकते.

येथे वैद्याचे बोट उपयोगी पडते. श्वास आत घेताना नाडी स्पष्टपणे क्षीण होते, हे लक्षण कुसमाउल यांनी १८७३ मध्ये वर्णिले. दम्यातही ती तशी लागते, हे खरे. परंतु मानेच्या शिरा फुगलेल्या आणि हृदयध्वनी दबलेले असतील, तर रुग्णास त्याच दिवशी बारामतीस इको तपासणीसाठी धाडावे. आपल्याकडे अशा जलसंचयामागे क्षय वारंवार असतो व त्याची औषधे शासनातर्फे विनामूल्य मिळतात. थायरॉइडची न्यूनताही तपासावी. तीत जलसंचय आणि सोडिअमची घट दोन्ही संभवतात.

औषधालयचालकांनी सुजेवरील आसव मागणाऱ्यास धाप लागते का, एवढे विचारावेच.

जल काढणे आपल्या शास्त्रास परके नाही. जलोदरात व्रीहिमुख शस्त्राने वेध करून सर्व जल एकाच दिवशी काढू नये, असे सुश्रुताने सांगितले आहे. हृदयावरणाचा वेध मात्र रुग्णालयातच व्हावयाचा. दाब उतरल्यावर मूत्रप्रवृत्ती वाढून सोडिअम आपोआप सावरल्याचे रुग्ण वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेले आहेत.