नुसतं ऐकून लेखक होता येतं का?

कथा लिहायची इच्छा अनेकांना असते. मग आपण काय करतो? पॉडकास्ट लावतो, छान वाटतं, पुढचा भाग लावतो. पान मात्र कोरंच!

'रायटिंग एक्स्क्यूजेस' हा अमेरिकन पॉडकास्ट बघा. २००८ मध्ये ब्रँडन सँडरसन, डॅन वेल्स आणि हॉवर्ड टेलर यांनी सुरू केला. छोटे छोटे भाग, ऐकायला फुकट. २०१३ मध्ये ह्यूगो पुरस्कारही मिळाला. पण माझ्या मते त्याची खरी ताकद भागाच्या शेवटी आहे. तिथे गृहपाठ मिळतो.

या पॉडकास्टतर्फे निवासी शिबिरंही झाली आहेत, अगदी क्रूझवरसुद्धा. आता धंद्याचं साधं गणित लावा. तंत्र तर फुकट मिळतंय, मग पैसे कशाचे? लिहायला मिळणाऱ्या निवांत वेळेचे, आणि आपलं लिखाण वाचून तोंडावर खरं सांगणाऱ्या माणसांचे. पण लिखाणच नसेल, तर त्यांना दाखवणार काय?

म्हणून आधी दहा भाग, दहा गृहपाठ. पूर्ण झाले, तरच शिबिरासाठी पैसे बाजूला काढा. नाही झाले, तर पैसे वाचले समजा.

आजचा भाग संपला की पुढचा लावू नका. वही उघडा!