शहरातली मांजरं आमच्या उसात सोडू नका

सोसायटीत मांजरं वाढली की मीटिंगमध्ये तीन मतं ठरलेली असतात: लांब नेऊन सोडा, खायला घालणाऱ्यांना बंदी करा, नाहीतर मारून टाका. पहिलं मत सगळ्यांना सोज्वळ वाटतं, कारण त्यात रक्त दिसत नाही. गावाकडं रान मोकळं आहे, उंदीर भरपूर आहेत, मांजर मजेत राहील, अशी समजूत घालून घेतली जाते. पुणेकरांना सोयीचं पडणारं हे रान म्हणजे सोलापूर रस्त्यावरची आमच्या कासुर्डीची, यवतची शिवारं.

मांजर मजेत राहत नाही. चारीच्या कडेला सुतळीनं तोंड बांधलेलं पोतं दिसतं. सुतळी कापली तरी मांजर पळत नाही. कोपऱ्यात अंग चोरून, तोंड उघडं टाकून धापा टाकत बसतं. पार्किंगमधल्या स्कूटरच्या सीटवर झोपलेल्या आणि माणसाच्या हातचं खाल्लेल्या जिवाला उसाच्या सरीत शिकार कुठून जमणार? वस्तीवरची मांजरं त्याला टिकू देत नाहीत, कुत्री सोडत नाहीत.

आणि उसात बिबट्या आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले परिसरात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्याच्या भक्ष्याच्या वजनात 39 टक्के कुत्री आणि 15 टक्के मांजरी निघाल्या. म्हणजे वस्तीलगत सोडलेलं प्रत्येक मांजर बिबट्याला आमच्या अंगणाकडं ओढणारं भक्ष्य आहे. उसाच्या शेतांमध्ये वाघाटीही पिल्लं घालते. ती जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक, आणि शहरी मांजरांचे रोग तिलाही लागू शकतात. उपासमार होईल अशा जागी जनावर टाकून देणं हा 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. पहिल्या वेळेचा दंड मात्र 10 ते 50 रुपये, म्हणून कुणाला धाक नाही.

दुसरं मत खाणं तोडण्याचं. उपाशी मांजर सोसायटी सोडून जात नाही, कचऱ्याच्या डब्यावर जगतं आणि पिल्लंही घालतं. उलट ठरल्या वेळी खायला येणारं मांजरच नसबंदीसाठी लावलेल्या पिंजऱ्यात सापडतं. पण वाडगं भरून भूतदया झाली असं मानणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. मांजरी पाच-सहा महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते, साधारण 63 दिवसांत विते आणि वर्षातून दोन-तीनदा विऊ शकते. नसबंदी न करता खायला घालणारा पुढच्या पिढीची उपासमार वाढवतो.

मारण्याचा मार्ग मॅरियन बेटावर पुरता आजमावून झाला आहे. दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यातल्या या बेटावर 1949 साली पाच मांजरं नेली; 1977 पर्यंत ती 3,000 च्या वर गेली. मग रोगाचा विषाणू सोडला, बंदुका, सापळे, विष सगळं वापरलं, तेव्हा कुठं 1991 मध्ये बेट मोकळं झालं. तिथं चहूबाजूंनी समुद्र होता आणि बाहेरून नवं मांजर येणं शक्य नव्हतं. पुण्यात एक गल्ली रिकामी केली की शेजारच्या गल्लीतली मांजरं त्याच कचऱ्यावर येतात. शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 प्रमाणे प्राण्याला ठार मारल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

उरतो तो पकडा, नसबंदी करा, रेबीजची लस द्या, कानाचं टोक कापून खूण करा आणि जिथून उचललं तिथंच सोडा, हा मार्ग. मुंबई महापालिकेनं 2019 पासून मांजरांची नसबंदी हाती घेतली. आक्षेप येतो की नसबंदी झालेलं मांजरही पक्षी मारतं. मारतं, खरंच आहे. पण त्याच्यामागं पिल्लांची रांग लागत नाही, आणि रात्रीची ओरड, मारामाऱ्या, जागोजागी मुतणं बरंच कमी होतं.

काम मात्र अर्धवट चालत नाही. इथं एक, तिथं दोन अशी ऑपरेशनं केली तर उरलेल्या माद्या वर्षभरात संख्या भरून काढतात. एका आवारातली जवळपास सगळी मांजरं एकाच दमात झाली पाहिजेत. खाणं घालणाऱ्यांनी आधी माद्या मोजाव्यात, संध्याकाळी पिंजऱ्यात सुकट ठेवावी, दूध पाजणारी असेल तर तिची पिल्लं शोधून मगच तिला न्यावं. खर्च मेंटेनन्समधून व्हावा, आणि पुणे-पिंपरीच्या महापालिकांनी मांजरांसाठी बजेटमध्ये वेगळी रक्कम ठेवावी. तोवर आमच्या ग्रामपंचायतीनं चारीच्या रस्त्यावर कॅमेरे लावावेत आणि पोतं टाकणाऱ्या गाडीच्या नंबरासकट तक्रार यवत पोलिसांत द्यावी.