उंच टायर, वर घेतलेला हुक आणि मागे वीस टन ऊस

कारखान्यांचे बॉयलर पेटले की टेंभुर्णी-पंढरपूर आणि टेंभुर्णी-अकलूज रस्त्यावर अंधार पडल्यावर दुचाकी चालवायची म्हणजे जीव मुठीत धरायचा. समोर ट्रॅक्टर, त्यामागे दोन ट्रेलर, ट्रेलरच्या बाहेर हात-दीड हात आलेली वाढी. हंगामाच्या तोंडावर रिफ्लेक्टर लावण्याची मोहीम होते, गव्हाणीजवळ फोटो निघतात, आपल्याच पोर्टलवर बातमीही येते. रिफ्लेक्टर पाहिजेतच, त्याबद्दल वाद नाही. पण रिफ्लेक्टर मागून येणाऱ्याला वाचवतो. समोरून येणाऱ्याला आणि खुद्द ट्रॅक्टरवर बसलेल्या पोराला वाचवायचं असेल, तर ट्रॅक्टर आणि ट्रेलर जिथं जोडतात तो हुक बघावा लागेल. तो कुणी बघत नाही.

गेल्या चार-पाच वर्षांत आपल्या भागात ट्रॅक्टर उंच करायचं फॅड आलंय. कंपनीकडून आलेलं १३.६-२८ चं मागचं टायर काढायचं आणि १६.९-२८ चं घालायचं. ट्रॅक्टर रुबाबदार दिसतो, रील चालते. या बदलानं मागचा धुरा साधारण दोन-अडीच इंच वर जातो आणि त्याच्याबरोबर हुकही. त्यावर वेल्डिंगवाल्याकडून जाड प्लेट मारून हुक आणखी वर घेतात. का, तर चिखलातून भरलेला ट्रेलर काढताना मागचं चाक जागेवर फिरत बसत नाही. हे खोटं नाही. हुक वर गेला की मागच्या चाकावर वजन येतं आणि पकड वाढते. पण ते वजन आभाळातून पडत नाही, पुढच्या चाकावरनं उचललेलं असतं.

हिशोब अवघड नाही. पुढच्या आणि मागच्या चाकातलं अंतर सहा फूट धरा. हुक जमिनीपासून दीड फुटावर आहे आणि ट्रॅक्टर एक टनाची ओढ देतोय, तर पुढच्या चाकावरचं अडीचशे किलो वजन कमी होतं. तोच हुक सव्वादोन फुटावर नेला की तो आकडा पावणेचारशे किलो होतो. आता चढ आला, ओढ दोन टनांच्या आसपास गेली, म्हणजे साडेसातशे किलो गेले. दोन-सव्वादोन टनांच्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांवर मुळात सात-आठशे किलोच असतात. मग पुढची चाकं उचलणार नाहीत तर काय होणार? उचलायच्या आधीच स्टेअरिंग हलकं होतं, ते ड्रायव्हरला बरं वाटतं. हलकं स्टेअरिंग म्हणजे चाक रस्त्याला नीट टेकलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

यावर आपल्याकडचा इलाज म्हणजे बंपरवर लोखंडी वजनं, नाहीतर मातीची पोती, नाहीतर दोन माणसं बसवायची. वजनं कंपनीची असली तर ठीक. माणसं बसवणं हा मूर्खपणा आहे, दुसरा शब्द नाही.

ट्रेलर कुठला आहे यावरही बरंच अवलंबून आहे. चारचाकी ट्रेलरला पुढं फिरता धुरा असतो, त्याचं वजन त्याच्याच चाकांवर बसतं, हुकावर फारसं येत नाही. दोनचाकी ट्रॉलीचं तसं नाही, तिचा पुढचा भार थेट हुकावर टेकतो. मोळ्या पुढं जास्त भरल्या तर ट्रॅक्टर मागं दबतो, मागं जास्त भरल्या तर ट्रॉली हुक वर ओढते आणि ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात. टोळीला भरताना हे कोण सांगतो? मुकादमाला गाडी भरून सुटायची घाई, ड्रायव्हरला नंबर धरायची घाई.

अमेरिकेतले शेतकरी पिकअपच्या हौद्यात, मागच्या धुऱ्याच्या बरोबर वर किंवा किंचित पुढं, लोखंडी गोळा बसवतात आणि ट्रेलरची वाकडी मान त्यावर टेकवतात. गूजनेक म्हणतात त्याला, म्हणजे हंसाची मान. ट्रेलरच्या वजनाचा पाचवा हिस्सा वगैरे गाडीवर येतो, पण तो धुऱ्यावर येत असल्यानं पुढची चाकं सुटत नाहीत. तिकडंही पोरं पिकअप उंच करतात आणि तिथंही तोच घोळ होतो: ट्रेलरचं तोंड वर जातं, वजन ट्रेलरच्या मागच्या धुऱ्यावर सरकतं, तिथली टायरं तापतात, ब्रेक सगळ्या चाकांना सारखा लागत नाही. म्हणून त्या मानेला वर-खाली करायची सोय असते. ट्रेलर जमिनीला समांतर दिसेपर्यंत ते निघत नाहीत. आपला हुक एकदा वेल्डिंग केला की केला.

उंच टायरचा दुसरा तोटा ब्रेकचा. ब्रेक तोच, चाक मोठं, म्हणजे रस्त्यावर थांबवायची ताकद कमी. वर त्याच गिअरला वेग जास्त. फोर बाय फोर ट्रॅक्टरला फक्त मागची टायरं मोठी केली तर पुढच्या-मागच्या चाकांचं गणित बिघडतं आणि डांबरी रस्त्यावर पुढचं गिअर घातलं की आतले दात झिजतात, त्याचं बिल वेगळं. आणि मुळात आपले बहुतेक ट्रॅक्टर थांबतात ते मागच्या चाकांवर. ट्रेलरला चालू स्थितीतला ब्रेक किती जणांच्या आहे, ते आपापल्या वस्तीवर बघून या. उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करायचं, त्यात दोन्ही ब्रेक पेडल जोडणारी कडी शेतातून निघताना लावलेली नसते. एका बाजूला ब्रेक लागतो, मागचे वीस-पंचवीस टन ढकलत राहतात आणि ट्रॅक्टर आडवा होतो.

कायदा यावर गप्प नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं ठरवलेल्या रचनेत मालकाला मनानं बदल करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. कंपनीनं त्या मॉडेलला मान्य केलेलं दुसरं टायर असेल तर गोष्ट वेगळी. जादा वजनाला कलम १९४ खाली वीस हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार दंड आहे. माल ट्रेलरच्या बाहेर आला तरी वीस हजार. आणि दंडापेक्षा मोठं म्हणजे विमा. ट्रेलरची नोंद पॉलिसीत नसेल, तर अपघातानंतर कंपनी पहिलं बोट तिथंच ठेवते आणि मालकाची जमीन पणाला लागते.

गंमत अशी की जादा वजनाचा पुरावा शोधायला रस्त्यावर कुणी उभं राहायची गरजच नाही. प्रत्येक गाडी कारखान्याच्या काट्यावर चढते. भरलेलं वजन, रिकामं वजन, वेळ, गाडी नंबर, सगळं पावतीवर छापून येतं. ट्रेलरच्या नोंदणीत किती टन लिहिलंय आणि पावती किती सांगते, हे दोन कागद शेजारी ठेवले की झालं. हे काम कार्यालयात बसून होतं. तरी होत नाही, कारण वाहतुकीचा दर टनावर आहे. जास्त टन, जास्त पैसे, कमी खेपा. गाडीतळावर रात्र-रात्र नंबर लागत नसेल तर वाहनमालक एकाच खेपेत जमेल तेवढं कोंबणारच. उचल फेडायची असते त्याला.

मर्यादेवरच्या टनाची वाहतूक देऊ नका, असं कारखान्यांना सांगितलं तर एका हंगामात उंच ट्रेलर भरणं थांबेल, असं माझं मत आहे. पण मग खेपा वाढतील, डिझेल वाढेल, दर वाढवून मागितला जाईल. तोडणी-वाहतूक आपल्याच एफआरपीतून कापली जाते, म्हणजे तो बोजा शेवटी उसवाल्यावर. मी स्वतः उसवाला आहे, मला हे लिहिताना बरं वाटत नाही. टनामागं थोडे जास्त द्यायला तयार आहात का, असं गावात विचारलं तर पाराखालचे निम्मे उठून जातील. उरलेले म्हणतील, आधी कारखान्यानं गाडीतळावरची रांग कमी करावी, खेपा आपोआप वाढतील. हे दुसरं म्हणणं मला पटतं. तोडीचं नियोजन आणि गाड्यांची संख्या जुळली तर वाहनमालकाला दिवसाची दुसरी खेप मिळते आणि ट्रेलर डोंगरासारखा भरायचं कारण उरत नाही. येत्या वार्षिक सभेत साखरेच्या भावाच्या जोडीला हा एक प्रश्न सभासदांनी लेखी द्यायला हरकत नाही: सरासरी गाडी तळावर किती तास उभी राहते?

तोवर मालकांनी निदान हुकाची पिन झिजलीय का, तिला कडी आहे का आणि ट्रेलरला सुरक्षेची साखळी आहे का, एवढं आज संध्याकाळी बघावं. दोन ट्रेलरच्या मधला हुक सगळ्यात आधी.