आधी चाळ, मग राजगृह

६ डिसेंबरला दादरला जाणारी माणसे आपल्या कर्जत-खालापूर तालुक्यांत गावोगाव आहेत. खोपोली लोकल धरायची, रांगेत उभे राहायचे, चैत्यभूमीला अभिवादन करायचे आणि मिळेल त्या गाडीने परतायचे. त्या दिवशी सवडीने काही पाहणे होत नाही. म्हणून बाबासाहेबांचे घर पाहायचे तर एखादा साधा रविवार काढावा, असे आम्ही सुचवू.

आम्ही असा एक रविवार काढला. घरची मंडळी, वस्तीतली चार शाळकरी मुले, सोबत तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी. रविवारी मेगाब्लॉक असतो, तेव्हा गाड्यांची चौकशी आदल्या दिवशीच केली होती.

दादरला उतरलो, पण थेट राजगृहावर गेलो नाही. धीम्या गाडीने पुढचे परळ स्टेशन गाठले आणि चालत पोयबावडीची बी.आय.टी. चाळ पाहिली. प्लेगच्या साथीनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळींपैकी ही एक. येथल्या ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्यांत बाबासाहेब १९१२ ते १९३४, म्हणजे बावीस वर्षे राहिले. न्यूयॉर्क-लंडनचे शिक्षण, १९२७ चा महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषदा, १९३२ चा पुणे करार, हे सारे या दोन खोल्यांत बिऱ्हाड असतानाचे. साहेब परदेशी शिकत असताना माता रमाईने संसाराची ओढाताण सोसली, चार लेकरे गमावली, तीही याच वर्षांत. आम्ही चाळ बाहेरूनच पाहिली. माणसांच्या संसारात डोकावू नये.

दारांची रांग पाहून आमच्यातली एक मुलगी म्हणाली, "मग एवढी पुस्तकं ठेवायची कुठे?"

त्या प्रश्नाचे उत्तर दादर पूर्वेच्या हिंदू कॉलनीत उभे आहे. बाबासाहेबांनी १९३० च्या सुमारास तेथे जागा घेतली आणि १९३३ पर्यंत घर बांधून झाले. वास्तूचे नाव मगधाच्या जुन्या राजधानीवरून ठेवले. बुद्धांचा जेथे वारंवार मुक्काम असे आणि त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर पहिली धम्मसंगीती जेथे भरली, तेच हे राजगृह. नागपूरची धम्मदीक्षा १९५६ ची; नाव त्याच्या वीसेक वर्षे आधीचे. हे ऐकून मुले थबकली.

घर बांधताना ग्रंथालयाचा विचार आधी झाला होता. पुढे ग्रंथसंग्रह ५०,००० च्या घरात गेला असे सांगतात. त्यांतले पुष्कळ ग्रंथ पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या सिद्धार्थ महाविद्यालयाकडे गेले. राजगृहाच्या तळमजल्यावर आज संग्रहालय आहे. अस्थी, छायाचित्रे, वापरातल्या वस्तू शांतपणे पाहता येतात. वरचे मजले कुटुंबाच्या निवासाचे आहेत, तेव्हा मुलांना आवाज बेताचा ठेवण्यास सांगावे. निघण्यापूर्वी भेटीची वेळही विचारून घ्यावी.

दिल्लीहून आणलेले बाबासाहेबांचे पार्थिव अंत्ययात्रेपूर्वी याच घरी ठेवले होते. त्याच्याही कितीतरी आधी, २७ मे १९३५ रोजी, रमाईने येथेच शेवटचा श्वास घेतला. चाळीत उभे आयुष्य काढले. पुस्तकांच्या या घराचे सुख जेमतेम वर्षभराचे. म्हणूनच आमचे म्हणणे, आधी चाळ पाहावी, मग राजगृह. नुसते राजगृह पाहिले तर बॅरिस्टरांचा बंगला दिसतो. चाळ पाहून गेले की त्यामागे किती जणांची उपासमार, जागरणे आणि अश्रू आहेत ते कळते.

वाचक बंधु-भगिनींनो, आपल्याकडे आता कर्ज काढून, भविष्यनिर्वाह निधी मोडून घरे उभी राहत आहेत. आनंदाची गोष्ट आहे. आराखडा करताना गवंडी विचारतो, टीव्ही कुठे, शोकेस कुठे, कपाट कुठे. त्याच वेळी पुस्तकांसाठी एक भिंत मागून घ्यावी. आणि घरातल्या बाईलाही दुपारी दोन घटका बसून वाचता येईल असा उजेडाचा कोपरा ठेवावा. खर्च चार फळ्यांचा आहे.