गुणसूत्रे, सून आणि शासन

शिरूर तालुक्यातील वडगाव रासाईसारख्या भीमाकाठच्या गावांत उसाचा पैसा आला, पक्की घरे उभी राहिली. परंतु दोन-तीनदा गर्भ गळालेल्या सुनेच्या वाट्याला येणारी वागणूक फारशी बदललेली नाही. ही स्थिती अवघ्या ग्रामीण महाराष्ट्राची होय. आधी नवस, मग उपासतापास, मग माहेरचा उद्धार आणि अखेर मुलाच्या दुसऱ्या लग्नाची कुजबुज, हा क्रम ठरलेला. नवऱ्याचेही रक्त तपासावे, हे कोणाच्या मनात येत नाही.

विज्ञान मात्र निराळे सांगते. मानवी पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, हे १९५६ साली निश्चित झाले. सुमारे पाचशे माणसांत एकाच्या शरीरात एका गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्याला जोडला गेलेला असतो. एकूण ऐवज पुरा असल्याने ती व्यक्ती बहुधा पूर्ण निरोगी असते. अपत्याला वाटा देताना मात्र हिशेब चुकू शकतो. मग काही गर्भ टिकत नाहीत, क्वचित मूल डाउन सिंड्रोमसारखी अवस्था घेऊन जन्मते आणि पुष्कळदा निरोगी मूलही होते. वारंवार गर्भपात होणाऱ्या शंभर जोडप्यांपैकी तीन ते पाच जोडप्यांत हे कारण आढळते. हा वाहक पती असू शकतो, तशी पत्नीही. यात दोष कोणाचाच नसतो.

हे कळण्यासाठी दोघांच्या रक्ताची गुणसूत्र-तपासणी पुरते. मग ती खेड्यात का पोचत नाही? गर्भजल परीक्षा १९७० च्या दशकात भारतात आली ती गुणसूत्रदोष शोधण्यासाठी. प्रत्यक्षात ती मुलगी हुडकण्यासाठी राबवली गेली. महिला संघटनांच्या लढ्यामुळे महाराष्ट्राने १९८८ साली देशातील पहिला प्रतिबंधक कायदा केला. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. या कायद्यांनी गुणसूत्रदोषांसाठीची तपासणी वैधच ठेवली होती. तरीही लिंगनिदानाचा बेकायदा धंदा तालुक्याच्या गावापर्यंत गेला आणि वैध तपासणी शहरातच राहिली. बाजार गरज पाहत नाही, खिसा पाहतो, याचा आणखी पुरावा तो कोणता?

फेब्रुवारी २०१७ मध्ये सव्वीस आठवड्यांच्या गर्भात डाउन सिंड्रोमचे निदान झालेल्या महाराष्ट्रातील एका स्त्रीला सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताची परवानगी नाकारली. २०२१ च्या दुरुस्तीने गंभीर व्यंगाच्या बाबतीत, वैद्यकीय मंडळाच्या निदानानंतर, आठवड्यांची मर्यादा उठली. परंतु मजुरी बुडवून पुणे गाठावे लागणाऱ्या शेतमजूर स्त्रीला हा हक्क कागदावरचाच.

येथे एक सावधगिरी हवी. व्यंग असलेली मुले जन्मूच नयेत, हा विचार समाजवादी नव्हे. माणसाची किंमत उत्पादनक्षमतेवर ठरवणाऱ्या व्यवस्थेचा तो विचार आहे. निर्णय आईबापांचा, मुख्यतः आईचा. तो खऱ्या अर्थाने मोकळा व्हायचा तर, मूल जन्मले तरी त्याचे उपचार, शाळा व उपजीविका यांची हमी समाजाने दिली पाहिजे. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा हेच सांगतो.

डॉ. बानू कोयाजींनी याच शिरूर तालुक्यातील वढू येथे गावातल्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून उभे केले. त्या वाटेने पुढे जाता येईल. ग्रामीण रुग्णालयात पतिपत्नी दोघांच्या रक्ताचे नमुने घ्यावेत, तपासणी मोफत व्हावी, आणि अहवालाचा अर्थ दोघांना समोर बसवून मराठीत समजावला जावा. कार्यकर्त्यांनी ही मागणी ग्रामसभेत लावून धरावी. रक्त दोघांचेही तपासले जाईल, तेव्हाच सुनेवर रोखलेले बोट खाली येईल.