गणिताचे चौथे वर्ष : फळ्यापर्यंत कोण पोहोचणार?

लोअर परळच्या आमच्या अभ्यासिकेत सध्या एकच चर्चा आहे. बी.एस्सी.ला गणित घेतलेल्या एका मुलीने मागच्या आठवड्यात विचारले, "ताई, तिसऱ्या वर्षानंतर डिग्री घेऊन बाहेर पडू, की चौथे वर्ष ऑनर्स करू?" तिचे आजोबा गिरणीत होते, वडील सिक्युरिटीत आहेत. गिरण्यांच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये तिला उद्या नोकरी मिळू शकते आणि घरात त्या पगाराची वाट पाहिली जात आहे. त्यामुळे हा प्रश्न एकटीचा नाही. येत्या दोन-तीन वर्षांत आपल्या प्रत्येक वस्तीत तो विचारला जाणार आहे.

नियम काय आहे?

महाराष्ट्रात नवे शैक्षणिक धोरण स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाले. म्हणजे पहिली तुकडी २०२६-२७ मध्ये चौथ्या वर्षाच्या दाराशी येते, दुसरी २०२७-२८ मध्ये. यूजीसीच्या आराखड्यानुसार तीन वर्षांत १२० श्रेयांक पूर्ण केले की पदवी मिळते, चार वर्षांत १६० केले की ऑनर्स. या चौथ्या वर्षाचे दोन प्रकार आहेत. एक साधे ऑनर्स, त्यात जादा विषय असतात. दुसरे संशोधनासह ऑनर्स, त्यात १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प असतो आणि प्रवेशासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात.

एक गैरसमज आधी दूर करू. चौथे वर्ष केले नाही तर एम.एस्सी. बुडते, असे नाही. तीन वर्षांनंतर दोन वर्षांची एम.एस्सी., चार वर्षांनंतर एक वर्षाची. दोन्हीकडे बेरीज पाचच. फरक पडतो तो पुढे. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील, तर एम.एस्सी. न करता थेट पीएच.डी. आणि नेटसाठी अर्ज करता येतो. २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीत अनुसूचित जातींना यात पाच टक्क्यांची सवलत आहे, म्हणजे ७० टक्के. ज्या घराला एकेक वर्ष मोजून काढावे लागते, त्या घरासाठी वाचलेले एक वर्ष मोठे आहे.

गळती तिसऱ्या वर्षी होत नाही

आपण मार्गदर्शन शिबिरे घेतो ती बहुधा तिसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी. हिशेब मात्र पहिल्या वर्षीच बिघडलेला असतो. बारावीपर्यंतचे गणित म्हणजे सूत्र लावा, उत्तर काढा. पदवीला रिअल अॅनालिसिस आणि अल्जिब्रा सुरू झाले की सिद्धता लिहावी लागते, तीही इंग्रजीत. बारावीला नव्वद मिळवलेला मराठी माध्यमाचा मुलगा इथे साठीवर येतो आणि 'आपल्याला गणित जमत नाही' असे धरून बसतो. अडलेली असते भाषा आणि पद्धत, बुद्धी नाही.

साधी आकडेमोड करा. सर्व सत्रांचे श्रेयांक सारखे धरले आणि पहिल्या दोन सत्रांत ६२ टक्के मिळाले, तर सहा सत्रांची सरासरी ७५ व्हायला उरलेल्या चारही सत्रांत ८१.५ टक्के हवेत. संध्याकाळी पार्टटाइम काम करून, १६० चौरस फुटांच्या खोलीत अभ्यास करणाऱ्या मुलीला हे किती जमेल? आणि ही अट समान आहे, म्हणून ती न्याय्य आहे, असे आपण म्हणायचे का?

दुसरी अडचण महाविद्यालयांची आहे. संशोधनासह ऑनर्ससाठी विभागात पीएच.डी. मार्गदर्शक असलेले किमान दोन कायम प्राध्यापक लागतात. जिथे अर्धा विभाग तासिका तत्त्वावर चालतो, तिथे हे वर्ष सुरूच होऊ शकत नाही. अशाच महाविद्यालयांत आपली मुले जास्त आहेत. मग चौथे वर्ष कागदावर सर्वांसाठी आणि प्रत्यक्षात मोजक्या नामांकित महाविद्यालयांपुरते राहील.

तिसरी अडचण पैशाची. स्वाधार योजना घराबाहेर राहून शिकणाऱ्यांसाठी आहे. मुंबईतच चाळीत राहणाऱ्या मुलीला मुंबईत शिकताना तिचा उपयोग नाही. उरते ती मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, अडीच लाखांच्या उत्पन्न मर्यादेची. ती उशिरा आली की फी घरातून जाते.

विणखात्याची आठवण

गिरणगावाला ही गोष्ट नवी नाही. इथल्या गिरण्यांत आपल्या माणसांना काम मिळत होते, पण जास्त पगाराच्या विणखात्यात प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि 'विटाळ' होतो म्हणून ते खाते बंद. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या काळात हा प्रश्न लावून धरला. गिरणीत घेतले, पण वरच्या खात्यात नाही. आज विद्यापीठात घेतले, पण संशोधनाच्या वर्षात नाही, असे होऊ द्यायचे का? तेव्हा कारण उघड सांगितले जाई. आता ते टक्केवारीच्या आड राहते, म्हणून ओळखणे कठीण.

बाबासाहेबांच्या चरित्रातला फळ्याचा प्रसंग आपण सर्वांनी ऐकला आहे. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी त्यांना फळ्यावर उदाहरण सोडवायला बोलावले आणि फळ्यामागे ठेवलेले डबे बाटतील म्हणून वर्गातल्या मुलांनी गोंधळ घातला. आपण तो अपमानाचा प्रसंग म्हणून सांगतो. पण तो मुलगा उदाहरण सोडवायला उठला होता, हेही सांगायला हवे. पुढे १९२३ मध्ये त्याच माणसाने रुपयाच्या प्रश्नावर आकडेवारीनिशी ग्रंथ लिहिला.

येत्या जनगणनेत जातींची नोंद होणार आहे. ते आकडे कोण वाचणार, त्यातले नमुने कोण तपासणार, चुकीचा निष्कर्ष कोण खोडणार? मोर्चा आपण काढू शकतो. त्या आकड्यांवर विद्यापीठात उभे राहून बोलणारी माणसेही आपल्याला हवीत.

आता काय करायचे?

एक, विहारांतल्या अभ्यासिकांनी गणिताचा वर्ग पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी जूनपासून सुरू करावा. आठवड्यातून दोन संध्याकाळी, सिद्धता मराठीत समजावून इंग्रजीत लिहून घ्यायची. वस्तीतले एम.एस्सी. झालेले दादा-ताई हे करू शकतात.

दोन, मुलांपर्यंत नावे पोहोचवा. १९९३ पासून चालणारे एमटीटीएसचे उन्हाळी शिबिर, राष्ट्रीय उच्च गणित मंडळाची एम.एस्सी.साठीची शिष्यवृत्ती, आयआयटीतल्या एम.एस्सी.साठीची जॅम परीक्षा. जेआरएफ मिळाली तर दरमहा ३७,००० रुपये आहेत. घरच्यांशी बोलताना हा आकडा उपयोगी पडतो.

तीन, विद्यार्थी संघटनांनी विद्यापीठाकडे तीन मागण्या एकत्र नेाव्यात : पीएच.डी.ला असलेली पाच टक्के सवलत संशोधनासह ऑनर्सच्या प्रवेशालाही द्या. एका महाविद्यालयात मार्गदर्शक नसतील तर शेजारच्या दोन-तीन महाविद्यालयांचे मिळून चौथे वर्ष चालवा. शिष्यवृत्ती आली नाही म्हणून कोणाचा प्रवेश किंवा परीक्षा अडवू नका.

त्या मुलीला मी काय सांगितले? तिचे पाच सत्रांचे गुण आम्ही कागदावर मांडले. सरासरी ७३ भरली. सहाव्या सत्रात ८५ हवेत. तिने कागदाची घडी घालून वहीत ठेवली आणि म्हणाली, "बघते." ती अभ्यासाला बसली आहे. ते दोन टक्के तिच्या एकटीच्या माथी मारायचे की नाही, हे आपण ठरवायचे आहे.

जय भीम.