दोन टक्के त्वचा, पण काम बंद: त्वचारोगाचा त्रास मोजतात तरी कसा?

मे २०२५ मध्ये जिनिव्हात जागतिक आरोग्य संघटनेची वार्षिक सभा झाली. तिथे सदस्य देशांनी त्वचारोगांना जागतिक सार्वजनिक आरोग्याचा प्राधान्याचा विषय ठरवणारा ठराव मंजूर केला. संघटनेच्या अंदाजानुसार जगात कोणत्याही एका वेळी सुमारे १८० कोटी लोकांना त्वचेचा काही ना काही आजार असतो. याआधी २०१४ मध्ये असा ठराव झाला होता, पण तो फक्त सोरायसिसपुरता. बातमी आली आणि गेली. तुमच्या घरात कुणाला इसब, सोरायसिस किंवा कोड असेल, तर तुम्ही विचाराल, "मग आम्हाला काय फरक पडतो?"

फरक पडू शकतो, पण त्यासाठी त्रास कागदावर यावा लागतो. आरोग्यावरचा खर्च ठरवताना मृत्यूंचे आकडे मोठ्याने बोलतात. त्वचारोगाने माणूस सहसा दगावत नाही, म्हणून हा विषय यादीत कायम खाली राहतो. घरातही तसंच होतं. "अंगावर थोडं उठलंय, त्यात काय एवढं?" हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल.

मारुंजीचंच उदाहरण घेऊ. एका बाजूला हिंजवडीच्या आयटी पार्कात जाणारी मंडळी, दुसऱ्या बाजूला कंपनीच्या बसने चाकणला शिफ्टला जाणारे कामगार. समजा, सीएनसी मशीन चालवणाऱ्या एकाला दोन्ही तळहातांवर इसब आहे. दिवसभर हात कूलंटमध्ये, वर ग्रीस काढायला कडक साबण. हाताला भेगा पडल्या आहेत. डॉक्टर आजाराचा विस्तार मोजताना बोटांसह एक तळहात म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का धरतात. म्हणजे याचा आजार जेमतेम दोन टक्के. त्या हिशेबाने 'सौम्य'. पण याला पाना धरता येत नाही, जेवताना भाजीचं तिखट झोंबतं, बाळाला आंघोळ घालता येत नाही.

ही तफावत पकडण्यासाठीच जीवनमान मोजणाऱ्या प्रश्नावल्या आहेत. सर्वात जास्त वापरली जाते ती डीएलक्यूआय. ब्रिटनमधल्या कार्डिफचे त्वचारोगतज्ज्ञ अँड्र्यू फिनले आणि त्यांचे सहकारी डॉ. खान यांनी ती १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. प्रश्न फक्त दहा, आणि सगळे गेल्या आठवड्याबद्दल: खाज-दुखणं, लाज वाटणं, घरकाम आणि खरेदी, कपडे, लोकांत मिसळणं, खेळ, नोकरी किंवा शिक्षण, जवळच्यांशी संबंध, लैंगिक अडचणी आणि खुद्द उपचारांचा त्रास. प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण, एकूण ३०. ० किंवा १ म्हणजे परिणाम नाही, २ ते ५ थोडा, ६ ते १० मध्यम, ११ ते २० खूप, २१ च्या पुढे अतिशय. आपला सीएनसी ऑपरेटर खाजेला ३, कामावर जाता आलं नाही म्हणून ३, घरकामाला २, मलमांच्या कटकटीला २ आणि लाज, मित्रमंडळी, नातेवाईक यांना एकेक देईल, तर बेरीज १३. दोन टक्के त्वचा, तरी परिणाम 'खूप'.

हा आकडा शोभेचा नाही. इंग्लंडमध्ये सोरायसिसची महागडी जैविक इंजेक्शनं सरकारी खर्चाने मिळण्यासाठी आजाराच्या तीव्रतेसोबत हा गुणांक १० च्या वर असावा, असा सर्वसाधारण नियम आहे. आपल्याकडे असा दरवाजा नाही, कारण मुळात बहुतेकांसाठी पैसे देणारं कुणी नाही. बहुतेक मेडिक्लेममध्ये दवाखान्यात दाखल न होता घेतलेल्या औषधांचा खर्च मिळत नाही. तरीही मलमावर थांबायचं की गोळ्या-इंजेक्शनकडे जायचं, हे ठरवताना डॉक्टरांना या आकड्याचा मोठा उपयोग होतो.

'लागू नाही' लिहिताना थांबा

आता दुसरा माणूस बघू. आयटीतला, तिशीचा. कोपरं, गुडघे, पाठ, डोकं धरून सुमारे बारा टक्के अंगावर सोरायसिस. फॉर्म भरताना तो म्हणतो, खाज थोडी, लाज थोडी, कपडे मात्र कायम फुल बाह्यांचे, मलमाची थोडी कटकट. बेरीज ५, म्हणजे 'थोडा परिणाम'. समारंभ, खेळ आणि लैंगिक आयुष्य या तिन्ही प्रश्नांपुढे त्याने 'लागू नाही' अशी खूण केली आहे, आणि 'लागू नाही' याचे गुण शून्य.

पण तो सोसायटीच्या पोहण्याच्या तलावात उतरायचं थांबला, ते चट्टे दिसतील म्हणून. चुलतभावाच्या हळदीला गेला नाही, तेही त्याच कारणाने. बायकोपासूनही अंतर ठेवतो. आजाराने ज्या गोष्टी आयुष्यातून काढूनच टाकल्या, त्यांना तो 'लागू नाही' म्हणतोय. खरी उत्तरं लिहिली, समजा २, ३ आणि २, तर बेरीज १२ होते. ही त्रुटी संशोधकांनीही ओळखली आहे. २०१८ मध्ये 'लागू नाही' या उत्तरांचा हिशेब बदलणारी एक सुधारित पद्धत सुचवली गेली, पण दवाखान्यांत अजून जुनीच बेरीज चालते. तेव्हा एकच ध्यानात ठेवा: तुम्ही ती गोष्ट कधीच करत नव्हता, की त्वचेमुळे सोडलीत? सोडली असेल, तर ते 'लागू नाही' नव्हे.

लैंगिक अडचणीचा प्रश्न आपल्याकडे अनेक जण कोरा सोडतात, विशेषतः सासू किंवा भाऊ शेजारी बसलेला असेल तेव्हा. एक प्रश्न कोरा चालतो. दोन किंवा अधिक सुटले, तर तो फॉर्म मोजायचाच नसतो. बरोबर आलेल्यांनी तेवढी पाच मिनिटं बाहेर बसावं, ही विनंती.

प्रश्नावलीत नसलेल्या गोष्टी

खरेदी आणि घरकामाच्या प्रश्नात बागेची काळजीही आहे. कार्डिफमध्ये ते ठीक. इथे वन आरके मध्ये कसली बाग! उलट, आपल्याकडे बोचणाऱ्या कितीतरी गोष्टी त्यात नाहीत. कोड असलेल्या मुलीचं स्थळ मोडणं. वेगळं ताट. पंगतीत वाढायला पुढे झाल्यावर "राहू दे, तू बस" म्हणणं. हाताच्या इसबामुळे ठसे पुसट होतात, मग कंपनीच्या हजेरीला किंवा रेशन दुकानात थंब लागत नाही. हे फॉर्मच्या मागे लिहा किंवा डॉक्टरांना तोंडी सांगा. कोडासाठी दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी भारतीय रुग्णांसाठी स्वतंत्र प्रश्नावली तयार केली आहे, ती याच उणिवेपोटी. ४ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी चित्रांची प्रश्नावली आहे, आणि रुग्णाला सांभाळणाऱ्या घरच्यांसाठीही एक वेगळी आहे. रात्रभर खाजवणाऱ्या बाळाची आई किती झोपते, हेही मोजण्यासारखंच आहे.

आकडा फसवतोही. स्टेरॉइड मिसळलेलं मलम गजकर्णावर लावलं की खाज दोन दिवसांत बसते. त्या आठवड्यात गुण झपाट्याने उतरतील, आणि बुरशी आतल्या आत पसरत राहील. स्टेरॉइड मलमं २०१८ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे, तरी मेडिकलवाल्याला नुसता चट्टा दाखवून ती आणणारे रोज भेटतात. शिवाय प्रश्न फक्त एका आठवड्याचे आहेत. सोरायसिस अनेकांना थंडीत वाढतो, म्हणून मे महिन्यातला एकच फॉर्म पुरेसा नाही. दोन भेटींत किमान ४ गुणांचा फरक पडला, तरच तो खरा बदल मानतात.

कारखान्यात काम करत असाल तर आणखी एक नोंद ठेवा. गुरुवारच्या किंवा तुमच्या साप्ताहिक सुट्टीत, गावी आठवडाभर गेल्यावर हात सुधारतात का? परत आल्यावर पुन्हा फुटतात का? तसं असेल तर कामातल्या पदार्थाचा संशय घेऊन पॅच टेस्ट करता येते. कामातून होणारे त्वचारोग कामगार भरपाईच्या कायद्यातल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत आहेत, त्यामुळे डॉक्टरांच्या लेखी नोंदीला किंमत आहे.

डीएलक्यूआय मराठीत उपलब्ध आहे आणि रोजच्या रुग्णतपासणीत डॉक्टरांना ती मोफत वापरता येते. पुढच्या भेटीत ती मागा, आणि भरलेल्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मात्र नैराश्य किंवा जीव द्यावासा वाटणं याबद्दल तिच्यात एकही प्रश्न नाही. असे विचार येत असतील तर फॉर्मची वाट पाहू नका. डॉक्टरांना आजच सांगा, किंवा टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं, चोवीस तास.